बिनभिंतीच्या घरातला गारवा

ऑकलंडहून एसी आला, खोकं फोडलं, आतल्या थर्माकोलवर कोंबड्यांनी चोची मारून झाल्या, आणि मग फुआतिनोच्या लक्षात आलं, की आपल्या घराला भिंतच नाही.

तशी ती कधीच नव्हती. सवाई बेटावरच्या त्या गावात जुन्या घरांना भिंती नसतातच. गोट्यांनी भरलेला उंच ओटा, कडेनं चौदा खांब, वर पालथ्या होडीसारखं शाकारलेलं छप्पर आणि खांबाखांबामध्ये नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं, दोरीनं वरखाली होणारी. बावन्न वर्षं फुआतिनो याच घरात राहिली होती. पण घराला भिंत नसणं ही अडचण असू शकते, हे तिला त्या बुधवारी पहिल्यांदा कळलं.

"टांगायचं कशावर हे?" तिचा नवरा तोमासी एसीला कडेवर घेतल्यासारखं धरून उभा होता.

"खांबावर टांग."

"आणि गार कुणाला करायचं? समुद्राला?"

फुआतिनोनं ब्लाउजमधून भावाची चिठ्ठी काढली आणि चौथ्यांदा मोठ्यानं वाचली. 'ताई, आईला ऐंशी पूर्ण होतायत, शनिवारी दुपारच्या बोटीनं येतो. या वेळी हॉटेल नाही, घरीच राहीन. त्यासाठी एसी पाठवलाय. तोमासीला सांग, घर चारी बाजूंनी घट्ट बंद कर. एक फट राहता कामा नये. फट राहिली की काही उपयोग नाही.'

"चारी बाजू कुठल्या?" तोमासी म्हणाला. "आपलं घर अंड्यासारखं आहे."

इओपू हा फुआतिनोचा धाकटा भाऊ, ऑकलंडमध्ये बस चालवायचा. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा पहिली रात्र घरी झोपला, आणि सकाळी उठून "ताई, गरमी सोसत नाही गं आता," म्हणत, कुणाच्या नजरेला नजर न देता धक्क्याजवळच्या एसीवाल्या हॉटेलात गेला. पुढचे आठ दिवस रोज सकाळी यायचा, पोटभर जेवायचा, दिवस कलला की परत. आई त्याला काही बोलली नाही. ही आई म्हणजे गावाची पेपेआजी, न बोलणाऱ्यांतली बाई नव्हे. सकाळपासून समुद्राकडच्या खांबाला टेकून बसायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या चालण्यावर, नेसण्यावर आणि टोपलीतल्या माशांवर मत द्यायची. ती गप्प बसली म्हणूनच फुआतिनोला धसका बसला. आई फक्त रोज संध्याकाळी इओपूची चटई अंथरायची आणि सकाळी, कुणीही न झोपलेली ती चटई गुंडाळून ठेवायची. आठ दिवस.

त्याच सुमारास शेजारच्या लेआतानं विचारलं होतं, "परवा पहाटे तुमच्याकडं कुणाची बोट चालू होत नव्हती का गं? बराच वेळ खटाटोप चालला होता." पण फुआतिनो आणि तोमासी दोघंही रात्री दगडासारखी झोपायची, आणि फुआतिनोला तेव्हा बोटीबिटीचं सुचतही नव्हतं.

तेव्हा आता भिंत असो की नसो, इओपू या घरात झोपलाच पाहिजे, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"मला विचाराल तर सांगते," पेपेआजी खांबापाशी बसल्या बसल्या म्हणाली. "ऊन जिकडून येईल तिकडची झापं खाली, वारा जिकडून येईल तिकडची वर. छप्पर उंच आहे, गरम हवा जाते वर निघून. एवढ्यात भागतं. माझं ऐंशी वर्षं भागलं."

"आई, तुझं भागलं गं. इओपूचं नाही भागत."

पेपेआजी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पहिलं झाप तिनं स्वतःच्या हातानं खाली सोडलं.

तोमासीनं दोन खांबांमध्ये फळ्या ठोकून एसी बसवला. सगळी झापं खाली सोडली. मीटरमध्ये महिनाभराची वीज भरून ठेवली. एसी सुरू झाला आणि तिघंही त्याच्यासमोर ओळीनं उभी राहिली. गार वारा आला, तिघांच्या तोंडावरून गेला आणि झापांच्या हजार भोकांतून रस्त्यावर निघून गेला. रस्त्याच्या कडेला एक कुत्रं पहुडलं होतं, ते उठून जवळ आलं आणि ओट्याला अंग लावून झोपलं. एवढा एकच जीव त्या दिवशी गार झाला.

"झापांवरून ताडपत्री लावू," फुआतिनो म्हणाली. तिला आता जोर चढला होता.

गुरुवारी सकाळपर्यंत घराला बाहेरून निळी ताडपत्री गुंडाळून झाली. मग कळलं, की वारा ओट्यातल्या गोट्यांमधूनही येतो. आजोबांनी गोटे भरले होते ते त्याचसाठी. म्हणून गोट्यांवर चटया, चटयांवर आणखी चटया. मग कळलं, की छप्पर इतकं उंच आहे, की एसी वरच्या पाकोळ्यांनाच गार करत बसलाय. म्हणजे खाली दुसरं छत हवं. त्यासाठी चादरी हव्यात. एक फट बुजवावी तर तीन सापडत होत्या. तोमासी चिकटपट्टीचं रीळ दातात धरून खांबाखांबाला घिरट्या घालत होता आणि मीटरमधला आकडा दुपारच्या ओहोटीसारखा उतरत होता. पण आत, देवाची शपथ, गार होऊ लागलं होतं.

पेपेआजी आतच होती. "मला इओपूशेजारी झोपायचंय," ती म्हणाली होती. "त्याला गारठ्याची सवय, मला नाही. करून घेते दोन दिवसांत." इओपूनंच कधीतरी पाठवलेली लोकरीची टोपी तिनं कानांवर ओढली, गोधडी घेतली आणि एसीकडं शत्रूकडं बघावं तसं बघत मध्यभागी बसली. "दात वाजतात गं," मधूनच ती सांगायची. "आणि आहेत चारच."

फुआतिनोला मात्र तो गारवा चांगलाच बाधला. नाक वाहू लागलं, डोळे लाल झाले, आवाज बसला. अशा अवतारात, गुरुवारी दुपारी, ताडपत्रीच्या फटीतून तिनं फक्त डोकं बाहेर काढलं, तर समोर लेआता उभी. लेआता ही गावच्या महिला समितीची प्रमुख. दर महिन्याला घरोघर जाऊन कुणाच्या चटया झटकलेल्या आहेत, कुणाच्या नाहीत, हे बघणं हा तिचा अधिकार होता, आणि अधिकार नसता तरी तिनं ते केलं असतं.

"फुआ, आई दिसत नाही गं खांबापाशी," लेआता म्हणाली. "काल प्रार्थनेच्या वेळी तिचा आवाजही आला नाही."

रोज संध्याकाळी घराघरातून प्रार्थनेची गाणी उठत, आणि त्यात पेपेआजीचा आवाज सगळ्या गावाच्या अर्धी ओळ पुढं धावत असे. बुधवारी गाव पहिल्यांदाच एका चालीत गायलं होतं. आत ती गात होतीच; पण ताडपत्री आणि एसीची घरघर यांतून ते कुणाला ऐकू जाणार?

"आत आहे ती," फुआतिनोनं नाक पुसलं. "लेआता, तुझ्याकडं पांढऱ्या चादरी आहेत का गं? सात-आठ लागतील."

लेआतानं हातातली टोपली हळूच खाली ठेवली. "पांढऱ्याच हव्यात?"

"पांढऱ्या बऱ्या दिसतात. इओपूला आल्या आल्या बघून बरं वाटायला हवं ना."

"इओपू येतोय?"

"शनिवारी, दुपारच्या बोटीनं. तोवर आत गारवा टिकवायचाय. त्यामुळं बघ ना, तुला आतसुद्धा बोलवता येत नाही. माणसं आतबाहेर करायला लागली की गारवा जातो, मग सगळीच मेहनत फुकट."

"नको, नको. बरोबर आहे." लेआताचा आवाज एकदम मऊ झाला. "एसी इओपूनंच पाठवला?"

"त्यानंच. म्हणाला, एक फट ठेवू नका."

"गुणी पोरगा," लेआतानं पदर नसल्यामुळं बाहीनं डोळे टिपले. "आणि तू जेवतेस ना गं वेळच्या वेळी?"

"कुठलं जेवण. सकाळपासून उभी आहे. पण तू हे कुणाला सांगू नकोस हं. इओपू आला, की सगळ्या गावालाच बोलावणार आहोत."

"माझ्या तोंडातून शब्द जायचा नाही," लेआता म्हणाली. आणि खरंच, तिनं कुणालाही सांगितलं नाही. फक्त महिला समितीला सांगितलं, आणि समिती काही परकी नव्हे.

लेआताच्या जागी दुसरं कुणी असतं तरी त्याला तेच वाटलं असतं. जिवंत माणसाला गार करायला समुद्र पुरतो. सगळं गाव पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावरच गार होत आलंय. घर आवळून, फटी बुजवून, वर यंत्र लावून गार ठेवतात ते कुणाला, हे गावाला ठाऊक होतं. मुलगा परदेशातून येईपर्यंत तसं ठेवावंच लागतं. एरवी त्यासाठी शहरातल्या इस्पितळात न्यावं लागतं, एवढाच फरक. पेपेआजीनं हट्ट धरला असणार, की मला माझ्या घरातून हलवायचं नाही. अगदी तिच्या स्वभावासारखं.

चादरी तासाभरात आल्या. आठ नव्हे, चौदा. इस्त्री केलेल्या.

शुक्रवारी गाव बदललं. रस्त्याच्या कडेचं व्हॉलीबॉलचं जाळं कुणीतरी उतरवून ठेवलं. ज्या घरातून दिवसभर गाणी वाजायची तिथला रेडिओ बंद झाला. पोरं फुआतिनोच्या घरावरून जाताना पाय न वाजवता जायची. कुणी केळीचे घड आणून ओट्याच्या कडेला ठेवले, कुणी अळकुड्यांच्या टोपल्या. दुपारी चारी पाय बांधलेलं एक काळं डुक्कर आलं आणि आणणारा काही न बोलता, फुआतिनोचा हात दोन्ही हातांत धरून, निघून गेला.

फुआतिनोला भरून आलं. "बघितलंस तोमासी? आईचा वाढदिवस सगळ्यांच्या लक्षात आहे. मी एका शब्दानं बोलले नाही, तरी."

"वाढदिवसाला माणूस हसत डुक्कर देतो," तोमासी म्हणाला. "हा रडत होता."

"मोठं होतं रे डुक्कर. जीवावर आलं असेल."

शनिवार उजाडला. आतला गारवा इतका, की चादरींच्या छतातून थेंब टपकत होते आणि चटयांना कुबट वास येऊ लागला होता. पण गार म्हणजे गार. फुआतिनो आनंदानं नुसती थरथरत होती, निदान तिला तरी तो आनंदच वाटत होता. जेवणं उरकून तोमासी पिकअप घेऊन इओपूला आणायला धक्क्यावर गेला. फुआतिनोनं आतमध्ये, पेपेआजीच्या शेजारी, इओपूची चटई अंथरली. आणि बाहेर पावलं वाजली.

तिनं फटीतून पाहिलं. सगळं गाव येत होतं. पुढं बायका, बारीक विणीच्या केवड्याच्या चटया दोन्ही हातांनी उंच उलगडून धरलेल्या. अशा चटया लग्नाला, पदवीला आणि मोठ्या प्रसंगालाच बाहेर निघतात. त्यांच्यामागं पुरुष. आणि सगळ्यांच्या पुढं, उघड्या अंगाला तेल लावून, खांद्यावर चवरी आणि हातात उंच काठी घेतलेला गावचा वक्ता, सेउली.

"आई," फुआतिनो आत वळून म्हणाली, "सेउली आलाय."

"कुठला सेउली?"

"आपला. झाडाचा."

हे घर आणि सेउलीचं घर यांच्या मधोमध एक नीरफणसाचं झाड होतं. ते कुणाचं, यावरून पेपेआजी आणि सेउली बावीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. नीरफणस लागले, की जो आधी उठेल तो काढून न्यायचा, आणि दोघंही फार लवकर उठत. तोच सेउली आज दारात उभा होता. म्हणजे, दार नव्हतं. ताडपत्रीसमोर उभा होता.

फुआतिनो हसतमुखानं बाहेर आली आणि ओट्यावर मांडी घालून बसली. ती हसतेय हे बघून बायकांमध्ये हुंदका फुटला. सेउलीनं काठी जमिनीवर टेकवली, चवरी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकली, आणि भाषण सुरू केलं.

"सूर्य मावळला," तो म्हणाला.

फुआतिनोनं सवयीनं वर पाहिलं. सूर्य डोक्यावर होता.

"या घराचा मधला खांब पडला."

तिनं मागं वळून खांबही पाहिला. जागेवर होता. भाषणं अशीच असतात, ती मनाशी म्हणाली, वाढदिवसाचंही कुठून तरी लांबून यावं लागतं.

"पेपे," सेउली म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला, "पेपे आता आपल्यात नाही."

फुआतिनोचं हसू तोंडावरच राहिलं. तिला चौदा चादरी आठवल्या, काळं डुक्कर आठवलं, लेआताची बाही आठवली. तिनं समोर पाहिलं. लेआता काळ्या कपड्यांत पहिल्याच रांगेत उभी राहून तिच्याकडं मायेनं बघत होती.

आता उठून सांगायला हवं होतं. पण वक्ता काठी टेकवून उभा राहिला, की त्याचं संपेपर्यंत मधे बोलायचं नाही, ही त्या गावाची रीत. पंचसुद्धा खोकला दाबून ठेवतात. मागं एकदा सेउली बोलत असताना त्याच्याच चुलघराला आग लागली होती. तेव्हाही लोकांनी आधी भाषण संपू दिलं, मग बादल्या आणल्या.

फुआतिनो बसल्या बसल्याच मागं सरकत सरकत ताडपत्रीखालून आत गेली.

"आई, बाहेर चल. त्यांना वाटतंय तू गेलीस."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? वर."

पेपेआजीनं टोपी एका कानावरून वर केली. बाहेर सेउली सांगत होता, की गावातल्या बायकांना चटई विणायला कुणी शिकवलं, वादळाच्या वर्षी अठरा माणसांना आपल्या ओट्यावर कुणी जेवू घातलं.

"हे माझ्याबद्दल चाललंय?"

"मग कुणाबद्दल? चल ना, अंगाला काटा येतोय माझ्या."

"बस खाली," पेपेआजी म्हणाली. "आणि ते यंत्र बंद कर. काही ऐकू येत नाही त्याच्या घरघरीत."

"आई."

"बंद कर म्हणते ना."

फुआतिनोनं एसी बंद केला. तीन दिवस, एक महिन्याची वीज आणि चिकटपट्टीची अकरा रिळं खर्चून कमावलेला गारवा पाच मिनिटं टिकला. मग ताडपत्रीवरचं ऊन आत उतरलं, ओल्या चटयांमधून वाफ निघाली, आणि मायलेकी मोदकासारख्या उकडू लागल्या. फुआतिनोच्या हनुवटीवरून घाम गळत होता. पेपेआजीच्या अंगावर गोधडी होती, डोक्यावर लोकरीची टोपी होती, पण ती हलेना. डोळे मिटून, मान डोलवत ती ऐकत होती.

"अठरा नव्हे, तेवीस होती माणसं," एवढंच ती मधे पुटपुटली.

बाहेर सेउली थांबला. मग तो निराळ्याच, साध्या आवाजात बोलला.

"एक राहिलं. ते जिवंतपणी सांगायला हवं होतं, जमलं नाही. नीरफणसाचं ते झाड पेपेचंच होतं. माझ्या बापानं मला मरताना सांगितलं होतं. मी बावीस वर्षं तोंड मिटून बसलो, आणि नीरफणस खात राहिलो."

ताडपत्री फाटल्याचा आवाज झाला. फट शोधायला पेपेआजीला सवड नव्हती. लाल लाल तोंड, अंगावर वाफ, कानांवर लोकरीची टोपी आणि खांद्यावरून छताची एक पांढरी चादर ओढत ती ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

बायकांच्या हातातल्या चटया एकदम खाली आल्या. लेआता दोन पावलं मागं सरली आणि मिळेल त्यावर बसली. ते डुक्कर होतं. ते ओरडलं, मग लेआता ओरडली.

"झाडाचं पुन्हा एकदा बोल," पेपेआजी सेउलीला म्हणाली. "मागच्यांना नीट ऐकू आलं नसेल."

सेउलीच्या खांद्यावरची चवरी गळून पडली. "पेपे, तू..."

"मी बरी आहे. तू बोल."

"हे भाषण मेलेल्या माणसासाठी होतं," सेउली कसाबसा म्हणाला.

"काठी टेकवून बोललास ना? मग झालं. काठी टेकवून बोललेला शब्द परत घेता येत नाही, हे मला तूच शिकवणार का आता?" मग ती लेआताकडं वळली. "आणि तू उठ त्याच्यावरून. बिचाऱ्याला तसंही थोडाच वेळ उरलाय."

तेवढ्यात पिकअप आली. ती पुरती थांबायच्या आधीच इओपूनं उडी टाकली. कुणाचा तरी मागून घेतलेला काळा कोट, तोंड सुजलेलं. बोटीवर त्याला गावातल्या बारा जणांनी मिठ्या मारल्या होत्या, दोघांनी तर गाणंही म्हटलं होतं. तोमासी वाटभर सांगत होता, की अरे, सकाळी माझ्याच हातचा चहा घेतलाय आईनं; पण दुःखानं दाजींच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं समजून इओपू त्याचीच समजूत घालत आला होता. त्यानं आईला ओट्यावर उभी पाहिली, आणि तो वाळूतच बसून रडू लागला.

"रडतोस काय?" पेपेआजीचाही आवाज आता ओला झाला होता. "वाढदिवस आहे माझा. तो कोट काढ आधी, उकडून मरशील."

मग सगळेच एकदम बोलायला लागले, आणि सगळेच हसत होते. लेआता शपथेवर सांगत होती, की तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायका चटया उचलून गुंडाळू लागल्या तर पेपेआजीनं त्यांना अडवलं. "आणलेल्या चटया परत न्यायच्या नाहीत. पुढच्या वेळी नुसत्याच हात हलवत या."

सेउलीला मात्र कुठं बघावं कळत नव्हतं. शेवटी त्यानं काठी घराकडं रोखली. "हे घर कशाला आवळून ठेवलंय? माणसं बसणार कुठं? सोडा ते सगळं."

"नको," फुआतिनो म्हणाली, पण तिचा बसलेला आवाज कुणाला ऐकू जाणार? तीस हातांनी तिची तीन दिवसांची मेहनत तीन मिनिटांत उतरवली. ताडपत्री गेली, चादरी गेल्या, चटयांचे थर उन्हात गेले. पेपेआजी आपल्या खांबापाशी बसली आणि होडीचं शीड हाकावं तसं घर हाकू लागली. "ती दोन खाली. डोंगराकडची वर. ही अर्धी... अर्धी म्हटलं ना. आता ते शेवटचं ओढ वर." शेवटचं झाप वर गेलं आणि समुद्रावरून निघालेला वारा गोट्यांवरून, माणसांच्या घामेजल्या मानांवरून, थेट छपराच्या टोकापर्यंत गेला. साठ माणसांनी एकदम श्वास सोडला. त्याच वेळी मीटर एकदा टुकटुकलं आणि शून्यावर गेलं. एसीवर एक कोंबडी चढून बसली.

"ते यंत्र समितीला द्या," लेआता म्हणाली. तिची तब्येत आता सुधारली होती. "खऱ्या वेळी उपयोगी पडेल."

"माझ्या वेळी लावू नका," पेपेआजी म्हणाली. "मला थंडी बाधते."

तापल्या दगडांची भट्टी पेटली, नीरफणस उतरवायला माणसं झाडावर चढली, सेउलीनं स्वतः शिडी धरली. एवढ्या गलबल्यात फुआतिनो एकटीच खांबाला टेकून उभी होती. सगळं उघडं. एक फट म्हणता चौदा फटी. आता संध्याकाळी इओपू बॅग उचलणार, आणि आई त्याची चटई अंथरणार. इओपू जवळ आला तेव्हा तिला त्याच्याकडं बघवेना.

"ताई," तो हळूच म्हणाला, "भिंती कुठं गेल्या गं?"

"काढल्या रे सगळ्यांनी. मी नको म्हणत होते. मीटरही संपलाय, आता एसी काही चालायचा नाही. पण वारा बघ ना, चांगला आहे. रात्री आणखी सुटतो. गरम नाही व्हायचं तुला."

"गरमी कुणाला होतेय?"

फुआतिनोनं त्याच्याकडं पाहिलं.

इओपूनं आजूबाजूला पाहून घेतलं आणि आवाज आणखी उतरवला. "मी घोरतो, ताई. म्हणजे, माणसासारखा नाही. ऑकलंडला दोन दारं लावून झोपतो. मागच्या वेळी इथं झोपलो तर सकाळी व्हॉलीबॉलवाले विचारत होते, इंजिन कुठल्या कंपनीचं. सगळं गाव ऐकतं इथं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आता आईला काय सांगू, की भिंती बांध? वाडवडिलांच्या घराला? म्हणून म्हटलं, एसी पाठवावा. एसी लावायचा, तर भिंती घालाव्याच लागतील."

"म्हणजे तो गारव्यासाठी..."

"गारव्याला काय, वारा आहे की."

फुआतिनोला हसावं की त्याला ताडपत्रीत गुंडाळावं ते कळेना. तेवढ्यात पेपेआजीनं हाक मारली. खांबाशेजारी, वाऱ्याच्या वाटेवर, तिनं इओपूची चटई अंथरली होती.

"ये. जेवण व्हायला वेळ आहे. पाठ टेक जरा."

"नको आई, बसतो नुसता."

"पाठ टेक म्हणते."

तो टेकला. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवूनच टेकला, हे फुआतिनोला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण आदली रात्र विमानात गेली होती, बोटीवर रडून झालं होतं, वारा अंगावरून जात होता, आणि आई केवड्याच्या पंख्यानं त्याच्या कपाळावरची माशी हाकत होती. सेउली झाडाच्या वाटणीबद्दल काहीतरी बोलत होता, तेवढ्यात ते सुरू झालं.

आधी नुसतं खरखरलं. मग अडलं. मग पुन्हा खटपट झाली, आणि शेवटी इंजिन लागलं. भट्टीपाशी दगड उचलणारे थांबले. झाडावरचे खाली बघू लागले. मघापासून सुटायची धडपड करणारं डुक्करही गप्प झालं.

"अगं बाई," लेआता म्हणाली, "हीच ती बोट."

साठ माणसांचे चेहरे हसू दाबून तांबडे झाले. तो आता जागा होणार, हे चेहरे बघणार, आणि चालला हॉटेलात. फुआतिनोनं आईकडं पाहिलं.

पेपेआजी हसत नव्हती. पंखा तसाच हलत होता, पण तिचे डोळे दूर, समुद्राच्याही पलीकडं लागले होते.

"बापावर गेलाय," ती म्हणाली. "ते झोपले की बाहेर गेलेल्या होड्या आवाजावर घरी यायच्या. बारा वर्षं झाली, मागची ती एक रात्र सोडली तर हा आवाज या घरात नव्हता. मला वाटायचं, घर मोठं झालंय म्हणून झोप येत नाही."

मग लेआतालाच राहवलं नाही. ती उठली आणि वाकून इओपूच्या खांद्याला हात लावू लागली. "कुशीवर वळवते गं जरा, म्हणजे थांबेल."

पेपेआजीनं पंखा आडवा धरला.

"बस खाली," ती म्हणाली. "माणूस बोलत असताना मधे अडवायचं नाही."

आणि ही रीत गावात सगळ्यांत चांगली ज्याला ठाऊक होती, त्या सेउलीनं हातातली शिडी हळूच खाली ठेवली, मांडी घातली, आणि ऐकायला ताठ होऊन बसला.